काजू बी गावातच फोडू या

सिंधुदुर्गातले काजू बागायतदार, बचत गटांतल्या ताया आणि मुंबईकर चाकरमानी, या सर्वांना जाहीर आवाहन

पुढचा हंगाम सुरू होण्याआधी आपल्या गावांत एक निर्णय व्हायला हवा, म्हणून हे लिहिते आहे. मार्च ते मे या तीन महिन्यांत आपल्या वाड्यावाड्यांतून काजू बी पोत्यांनी बाहेर जाते. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात येतो, पोते काट्यावर चढते, रोख हातात पडते. घरात लग्न असते, पावसाआधी कौले परतायची असतात, जूनमध्ये मुलांच्या फीचे पैसे भरायचे असतात. त्यामुळे भाव पडलेला दिसत असूनही बी घरात थांबवून धरायची कुणाला सोय नसते. मग तीच बी दुसरीकडे फुटते आणि दिवाळीत आपलेच काजूगर आपण दुकानातून पाकिटात विकत आणतो.

या बागा उभ्या राहिल्या त्यात सरकारी मदतीचा मोठा वाटा आहे, हे आपण विसरू नये. १९९०च्या सुमारास राज्य सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ यांसारख्या जाती दिल्या. आपल्या आईवडिलांनी कातळात खड्डे मारले, डोक्यावरून पाणी वाहून कलमे जगवली. सरकारने खर्च उचलला, घाम माणसांनी गाळला, आणि जिथे गवतही धड येत नव्हते तिथे आज काजू उभा आहे. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले. लागवडीत जे जमले ते प्रक्रियेत का जमू नये? योजना आहेत. पण त्या मागायच्या कशा आणि कशासाठी, यात आपले गणित चुकते.

केंद्राने २०२० साली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना सुरू केली. आपल्या राज्यात ती कृषी विभागामार्फत चालते. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, स्वतःचे किमान १० टक्के आणि बाकी बँकेचे कर्ज, अशी तिची रचना आहे. गटातल्या ज्या ताया अन्नप्रक्रियेचे काम करतात त्यांना लहान अवजारे आणि खेळत्या भांडवलासाठी प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवले आहे. दुसरीकडे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. त्यात ग्रामीण भागातल्या महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि इतर मागासवर्गीयांना ३५ टक्के, तर सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान मिळते. योजनांच्या मुदती संपतात, वाढतात, नियम बदलतात. म्हणून अर्ज करण्याआधी तालुका कृषी कार्यालयात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन सध्याची स्थिती विचारा. गावातल्या कुणाच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

अनुदान म्हणजे हातात येणारी रक्कम, असा समज गावोगाव आहे. तो सोडू या. दहा लाखांचा प्रकल्प असेल तर साडेतीन लाख रुपये आपल्या नावाने बँकेत वेगळे ठेवले जातात. तीन वर्षे उद्योग चालू राहिला आणि कर्ज थकले नाही, की ते कर्जात वळते होतात. तोवर हप्ता भरायचा आपल्यालाच. अनुदानासाठी म्हणून यंत्र घेतले, फोटो काढले आणि शेडला कुलूप लावले, तर अनुदान जाते आणि कर्ज उरते. अशी कुलपे आपल्या तालुक्यांत कमी नाहीत.

ही कुलपे का लागतात? यंत्र बिघडते म्हणून फार थोडी. बहुतेक लागतात ती बी संपते म्हणून. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून थोडा सविस्तर मांडते. काजूचे काम वर्षभर चालू शकते, पण बी वर्षातून एकदाच मिळते. रोज शंभर किलो बी फोडणारा लहान कारखाना दोनशे दिवस चालवायचा तर वीस टन बी लागते. किलोला १३० रुपये धरले तरी सव्वीस लाख रुपये होतात, आणि ते तीन महिन्यांच्या आत मोजावे लागतात. बॉयलर, कटर, ड्रायर यांचा दहा लाखांचा प्रस्ताव आपण मोठ्या हौसेने करतो आणि या सव्वीस लाखांचा विचार अर्जात कुठेच नसतो. मे महिन्यात घेतलेली बी गणपतीपर्यंत पुरते. त्यानंतर कटर नुसते उभे असतात आणि बायका परत दुसऱ्यांच्या मजुरीला जातात.

आमच्या गटाच्या शेडमध्ये काम कसे चालते ते बघायला या. उकडून वाळवलेली बी कटरच्या पात्यांमध्ये नेमकी धरायची, पायाने दाबून कवच फोडायचे आणि हाताने गर मोकळा करायचा. कवचातले तेल कातडीला लागले की कातडी जळते, म्हणून हाताला आधी तेल नाहीतर राख चोळतात. पात्याचा दाब जरा चुकला की अख्ख्या गराचा तुकडा होतो आणि भाव खाली येतो. मग ड्रायर, मग साल सोलणे, मग प्रतवारी: १८०, २१०, २४०, ३२०. आकडा जितका लहान तितका गर मोठा, कारण एका पौंडात तेवढेच गर बसतात. चार किलो बीतून सुमारे एक किलो गर निघतो. हे कसब हाताशी असलेल्या बाईला वर्षातले सहा महिने या कामाविना राहावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा पहिली विनंती ही. प्रस्ताव करताना यंत्राइतकेच, खरे तर यंत्राहून अधिक, खेळत्या भांडवलाकडे बघा. बँकेकडे मुदतकर्जासोबत कॅश क्रेडिटची मर्यादाही मागा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालते आणि तिच्यात काजू बी आहे. गोदामात बी ठेवून तिच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळू शकते. बागायतदारांनी ही सोय वापरली तर एप्रिलची निकड भागते आणि बी गावाच्या हातात राहते. पाच-सहा गट एकत्र आले, एकाने फोडणी, दुसऱ्याने सोलणी-प्रतवारी, तिसऱ्याने पाकीट आणि विक्री असे काम वाटून घेतले, तर प्रत्येकाने वेगळा बॉयलर घ्यायची गरज नाही. एका वाडीत तीन ड्रायर आणि एकालाही पुरेशी बी नाही, असे होऊ देऊ नका.

दुसरी विनंती अर्जाबद्दल. अन्नप्रक्रिया योजनेत प्रस्ताव करून देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल, बँक, परवाने या सगळ्यात त्यांनी मदत करायची असते आणि त्यांचे मानधन योजनेतून दिले जाते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. म्हणून फाईल पास करून देतो असे सांगून टक्केवारी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

बँकेत गेल्यावर दबून बोलू नका. लहान उद्योगांच्या किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. २५ लाखांपर्यंतच्या मागणीवर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हायला हवा आणि नकार द्यायचा झाला तर त्याची कारणे लेखी द्यायला हवीत. अर्जाची पोच घ्या. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे उत्तर पुन्हा पुन्हा ऐकून चप्पल झिजवण्यापेक्षा एक कागद मागणे बरे. आपलीही बाजू स्वच्छ हवी. गटाच्या वह्या लिहिलेल्या असाव्यात, जुने कर्ज थकलेले नसावे. शाखाधिकारी दर काही वर्षांनी बदलून जातो, पण एका गटाने बुडवलेले कर्ज त्या शाखेत वर्षानुवर्षे लक्षात राहते आणि त्याचा फटका पुढच्या दहा गटांना बसतो.

तिसरी विनंती ग्रामपंचायतीबद्दल. वर्षातून चार ग्रामसभा कायद्याने घ्याव्याच लागतात आणि त्याआधी महिलांची सभाही घ्यायची असते. या सभांना आपण किती जण जातो? गावाचा विकास आराखडा तिथे मंजूर होतो. वित्त आयोगाचा जो निधी बंधित नसतो, तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो. गटार आणि पाखाडी यांच्यापलीकडे आपण क्वचितच काही मागतो. बी वाळवायला सिमेंटचे खळे, पावसात न भिजणारे गोदाम, शेडपर्यंत थ्री फेज वीज, टेम्पो जाईल असा रस्ता: ही मागणी आराखड्यात नोंदली गेली तरच पुढे निधी मागता येतो. राज्याने २०२३ साली काजू मंडळ स्थापन केले आहे. त्याच्याकडेही गावांची मागणी ठरावानेच जायला हवी, एकट्यादुकट्या अर्जाने नव्हे. काजूच्या बोंडूचाही विचार याच वेळी करा. शेजारी गोव्यात त्याची फेणी होते, आपल्याकडे त्याचा सडा झाडाखाली कुजतो. सरबत आणि सिरपचे प्रयोग झालेले आहेत, ते मोठ्या प्रमाणावर करायला हवेत.

आणि मुंबई-पुण्यातल्या आपल्या माणसांना एक मागणे. गणपतीला आणि शिमग्याला तुम्ही येता, मंडळाला वर्गणी देता, देवळाच्या जीर्णोद्धाराला हात सैल सोडता. त्याच आपुलकीने तुमच्या सोसायटीतल्या दिवाळीच्या काजूची मागणी एप्रिलमध्येच गावातल्या गटाला कळवा आणि जमल्यास निम्मी रक्कम आगाऊ द्या. तुमच्या आगाऊ पैशांतून तेवढी बी टेम्पोत चढायची थांबेल. कंपनीत खरेदी, हिशेब, पॅकिंग यांची कामे केलेली कितीतरी माणसे निवृत्त होऊन गावी आली आहेत. त्यांनी आठवड्यातली एक दुपार गटाच्या वह्यांना दिली तर बँकेपुढे ठेवायचे कागद नीट तयार होतील.

येत्या ग्रामसभेत मांडण्यासाठी ठरावाचा मजकूर खाली देत आहे. आपल्या गावाच्या गरजेप्रमाणे तो बदलून घ्या, सूचक आणि अनुमोदक ठरवा, सभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

‘गावात पिकणाऱ्या काजू बीवर गावातच प्रक्रिया व्हावी यासाठी वाळवणीचे खळे, सामाईक गोदाम आणि थ्री फेज वीजजोडणी ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करण्यात यावीत. काजू प्रक्रियेसाठी कर्ज मागणाऱ्या गटांची व उद्योजकांची यादी ग्रामपंचायतीने ठेवावी. त्यांच्या अर्जांची स्थिती प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावी. संबंधित बँक शाखेच्या अधिकाऱ्यांना हंगामापूर्वी गावात बैठकीसाठी निमंत्रित करावे. या ठरावाची प्रत तालुका कृषी अधिकारी, जिल्हा उद्योग केंद्र आणि राज्य काजू मंडळ यांच्याकडे पाठवण्यात यावी.’