ट्रॅक्टर धुवा, पण तलावात नाही

ज्याला राग येईल त्याला येऊ द्या, पण लिहितो.

उन्हाळी धानाची चिखलणी सुरू झाली की आपल्या दिघोरी परिसरात हे दृश्य ठरलेलं. दिवसभर बांधीत फिरलेला ट्रॅक्टर संध्याकाळी थेट तलावात. चाकं बुडेपर्यंत आत घालायचा, बादलीनं पाणी मारायचं, डिझेलचा बोळा फिरवायचा, वरून कपड्याचा साबण. पाण्यावर इंद्रधनुष्य पसरतं आणि मालक खुश, की वॉशिंगचे पैसे वाचले!

धुवायलाच पाहिजे, यात वाद नाही. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते गाडीचा पत्रा खातं, म्हणून तिकडं गेलेली आपली मुलंही हिवाळ्यात गाडी खालून धुऊन घेतात. आपल्याकडं बर्फ नाही, पण मीठ आहे ना भाऊ! पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तेही मीठच. खताच्या पोत्यांतून सांडतं, ओल धरतं आणि ट्रॉलीच्या तळाला भोकं पाडतं. फरक एवढाच की ते लोक गाडी धुलाई केंद्रात नेतात. जर्मनीत तर बहुतेक ठिकाणी घरच्या अंगणातल्या मातीवरही गाडी धुता येत नाही. आणि आपण? गुरं जिथं पाणी पितात तिथंच ग्रीस सोडतो.

बरं, यात ट्रॅक्टरचं तरी भलं होतं का? कोणत्याही मिस्त्रीला विचारा. पाण्यात उभा केला की हबमध्ये पाणी शिरतं, बेअरिंग जातं. एक्सलचं सील ढिलं असेल तर ऑइल दुधासारखं पांढरं होतं. वाचवलेले शंभर-दोनशे तिथं हजारांनी निघतात.

पावसाळ्यात निदान सांडव्यावरून पाणी वाहून तरी जातं. जानेवारीत तलाव भरत नाही, फक्त आटतो. जे आत टाकलं ते पुढच्या पावसापर्यंत आतच. तेलाचा थर बसला की पाण्यात हवा मिसळत नाही, साबण माशांच्या कल्ल्यांना लागतो. ज्या ढिवर बांधवांच्या संस्थेनं लीज भरून रोहू-कतल्याचं बीज सोडलं, त्यांचं नुकसान कोण भरणार? आणि तुडुमातून तेच पाणी कोणाच्या धानात जाते? आपल्याच ना!

नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते म्हणून आपण नागपूरच्या नावानं बोटं मोडतो. बरोबरच आहे, मी स्वतः त्यावर कितीदा लिहिलं. पण आपल्या पाळीवर उभं राहून तेच करताना तोंड काहून बंद होते?

हे तलाव जुन्या मालगुजारांनी, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि मग ते कोणाचेच राहिले नाहीत. जल प्रदूषणाचा कायदा 1974 चा आहे. त्याच्या कलम 24 नुसार पाण्यात घाण सोडायला मनाई आहे. पण नुसता दंड लावून काही होणार नाही. गरीब शेतकऱ्याला पर्याय द्या. गावाबाहेर, तलावापासून दूर एक सिमेंटचा उतार, बोअरचं पाणी, गाळ बसायला एक टाकी आणि तेल अडवायला दुसरी. एवढंच लागते. पंधराव्या वित्त आयोगात 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. त्यातून गावोगावी काय झालं, हे ज्यानं त्यानं आपल्या ग्रामपंचायतीत विचारावं. भाड्यानं ट्रॅक्टर फिरवणारे तर वर्गणीनंही हा ओटा बांधू शकतात, ज्यांचे दोन-दोन, तीन-तीन चालतात त्यांनी तरी हात आखडू नये.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या म्हणून आधीच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं प्रोसिडिंगमध्ये येत नाही. अर्जाचा नमुना पाहिजे असेल त्यानं कमेंटमध्ये सांगावं, मी टाकतो.