जोड्यांविना पट

शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, पत्रक हाती आले की सगळ्यांची नजर पहिल्या इनामावर जाते. आयोजकही तोच आकडा ठळक छापतात. सातव्या-आठव्या क्रमांकाच्या जोडीने पुढच्या वर्षी का यावे, हे कोणी विचारत नाही. यंदा हिवरखेड-अकोट पट्ट्यात पट भरवू पाहणाऱ्या मंडळांनी आधी तेच विचारावे.

बैलांच्या शर्यती सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. कोर्टातला प्रश्न मिटला, गोठ्यातला उरला. बंदीच्या साडेसात वर्षांत ट्रॅक्टर दारात आले. आता निव्वळ पटासाठी जोडी पोसणे पैसेवाल्या शौकिनालाच परवडते. त्याची जोडी पिकअपमधून येते, इनाम नेते. गावची जोडी दोन वर्षे हरते आणि तिसऱ्या वर्षी बाजारात जाते.

अशीच वेळ मोटारींच्या एका शर्यतीवरही आली होती. फ्रान्समधील ल मां येथे १९२३ पासून मोटारींची चोवीस तासांची शर्यत होते. अव्वल वर्गातून २०१६ अखेर ऑडी गेली, २०१७ अखेर पोर्श. २०१८ मध्ये बड्या कंपन्यांपैकी त्या वर्गात एकटी टोयोटा उरली. जिंकली खरी, पण हरवले कोणाला? आयोजकांनी मग नियम बदलून गाडी बांधण्याचा खर्चच खाली आणला. २०२३ मध्ये ६२ गाड्या धावल्या आणि पन्नास वर्षांनी अव्वल वर्गात परतलेल्या फेरारीने बाजी मारली. तिथल्या जीटी वर्गात तर प्रत्येक गाडीवर एक हौशी चालक लागतोच.

आपल्याकडे पंचक्रोशीच्या जोड्यांचा गट वेगळा ठेवावा, तोही शेतात राबणाऱ्या बैलांचा. पहिले इनाम निम्मे करून उरलेल्या पैशांत विसाव्या जोडीपर्यंत सरकी ढेप द्यावी. काठी-चाबकावरची बंदी पाळण्यात कसूर नको; एका व्हिडिओने सगळाच खेळ पुन्हा कोर्टात जाईल.

परवानगीसाठी ५० हजारांची हमी लागते. लहान गावाला ती एकट्याला जड जाते. चार गावांनी मिळून ती उभारावी आणि तारखाही मिळूनच ठरवाव्यात. एकाच दिवशी तीन ठिकाणी पट लागला की तिन्ही दाणी (धावपट्ट्या) अर्ध्या रिकाम्या राहतात. ही बैठक पोळ्याआधी व्हावी. पौषात बसून उपयोग नाही.