बिल कुणाच्या नावाचं?

मजूर कामावर जखमी झाला की दोन गोष्टी होतात. एक, हाड मोडतं. दोन, बिल फाडलं जातं. हाडाचं डॉक्टर बघतो. बिलाचं कोण बघतो? तर ज्याचं हाड मोडलं तोच.

नुकसानभरपाईचा डांगोरा आपल्याकडं फार जुना. १९२३ साली इंग्रजानं कायदा केला. बोट गेलं तर इतकं, हात गेला तर इतका, असा अवयवांचा भावफलकच त्यानं परिशिष्टात टांगला. पण तो हात वाचवायला दवाखान्यात जो पैसा लागतो, तो मागायचा हक्क त्या कायद्यात नव्हता. तो यायला २००९ ची दुरुस्ती लागली. ८६ वर्षं! त्या दुरुस्तीनं सांगितलं की कामावरच्या दुखापतीच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मजुराला परत मिळेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. तिनंही हेच वाक्य उचललं.

'परत मिळेल.' दोस्तांनो, या शब्दावर जरा थांबा. परत कुणाला मिळतं? ज्यानं आधी दिलं त्याला. आधी कोण देतो? ज्याच्या खिशात आहे तो. रोजावरच्या गड्याच्या खिशात काय असतं? आठवड्याचं रेशन आणि परतीचं तिकीट. म्हणजे कायदा सांगतो, आधी सावकाराकडं जा, मग आमच्याकडं ये. सावकाराचं व्याज मात्र 'प्रत्यक्ष खर्चात' कुणी धरत नाही.

आमच्या टोळीतलं सांगतो. मी गोदीत ठेकेदाराकडं ओझी उचलतो. एकदा फाळक्यात लोखंडी पाइपांची स्लिंग सुटली अन् एका गड्याचा पाय चेचला. ठेकेदाराच्या माणसानं त्याला खाजगी दवाखान्यात टाकलं, थोडं डिपॉझिट भरलं आणि पसार झाला. पुढचं सगळं बायकोच्या गळ्यातल्या मण्यांनी आणि टोळीच्या वर्गणीनं भागवलं. मग बिलांची थप्पी घेऊन आम्ही ठेकेदाराकडं गेलो, तर तिथं आमचीच उलटतपासणी. सरकारी इस्पितळ सोडून खाजगीत कशाला? (अरे, नेलं कुणी?) ही औषधाची चिठ्ठी कच्ची आहे. ह्या पावतीवर पेशंटचं नाव नाही. आमच्या विम्यात दवाखान्याच्या खर्चाला मर्यादा आहे. आणि शेवटी हुकमाचा एक्का काढला : केसपेपरवर 'घरी जिन्यावरून पडला' असं लिहिलंय! कुणी सांगितलं तसं? गडी तर शुद्धीवर नव्हता.

विम्याची मर्यादा हा मालक आणि विमा कंपनी यांच्यातला सौदा. त्या सौद्यावर आमची सही नाही. मग त्याचं कुंपण आमच्या पायाला का?

बिल तपासूच नका असं मी म्हणत नाही. दवाखानेही लुटतात. गोळी एक, भाव तीन. तपासा, खुशाल तपासा. पण ते भांडण पैसे घेणारा आणि पैसे देणारा यांचं आहे. मजुराला मध्ये घालून कुटू नका.

कुणी म्हणेल, हे कसं शक्य आहे? शक्य आहे, आणि आपल्याच देशात झालंय. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, अदारकरांचा कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल आला. त्यातून पुढं १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. त्याचं कार्ड ज्याच्याकडं आहे तो विम्याच्या इस्पितळात जातो, उपचार घेतो. त्याला बिल कुणाच्या दारात नाचवावं लागत नाही. इस्पितळांची दशा काय ते आपण जाणतो, पण तत्त्व सरळ आहे : पैसा आधी गोळा, उपचार नंतर. बिलाची थप्पी कुणाच्या वाट्याला आली? ज्याचं नाव ठेकेदारानं त्या यादीत घातलंच नाही, त्याच्या.

आणि अमेरिकेतलं कॅलिफोर्निया बघा. भांडवलशाहीचंच माहेरघर. पण तिथंसुद्धा कामावरच्या दुखापतीचं बिल डॉक्टर मजुराकडनं वसूल करू शकत नाही. विमेवाल्यानं कमी पैसे दिले, तर डॉक्टरनं ९० दिवसांत त्याच्याकडंच फेरतपासणी मागायची. तरी पटलं नाही, तर ३० दिवसांत तिऱ्हाईत तपासनिसाकडं जायचं. २०१३ पासून ही वाट आहे. दर बरोबर की चूक हे तिथं ठरतं. मजूर त्या खोलीत नसतोच. दुखापत कामावरची की नाही, हा वाद वेगळा, त्याची जागा वेगळी. पण ड्रेसिंगचा भाव किती, यावर लंगड्या माणसाला हेलपाटे नाहीत. मालकांच्या राज्यात हे जमतं, तर समाजवादाचं नाव घटनेत लिहिणाऱ्यांना का जमू नये?

आपली मागणी साधी आहे. कामावर जखमी झालेल्याचं बिल पहिल्या दिवसापासून मालकाच्या नावानं फाडा. ठेकेदार हात वर करील तर मुख्य मालकाला धरा. त्याची जबाबदारी १९२३ च्या कायद्यातही होती. जेवढ्या रकमेवर वाद नाही तेवढी ताबडतोब भरा. उरलेल्या रकमेचं भांडण दवाखाना आणि मालक यांनी अधिकाऱ्यापुढं करावं. ते मिटेपर्यंत मजुराकडनं एक पैसा मागायचा नाही.

तोवर काय? तोवर टोळीतल्या एकानं तरी जखमीबरोबर दवाखान्यात जायचंच. केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते डोळ्यांनी वाचायचं : कुठं, कोणत्या कामावर, कशानं. प्रत्येक औषधाची पक्की पावती जखमीच्या नावानं घ्यायची. मूळ बिल कुणाच्या हातात द्यायचं नाही, झेरॉक्स द्यायची, आणि दिल्याची पोच घ्यायची. कोऱ्या कागदावर अंगठा नको, सही नको. चार पैसे टेकवून हक्क सोडल्याचा करार लिहून घेतात, तर तसला करार कायद्यानं रद्दबातल असतो, हे त्यांना तोंडावर सांगायचं.

आम्ही मॅट्रिक झालेली पोरं टोळीत आहोत. कविता लिहितो तशी पावतीही वाचू. ओझं उचलणं हा आमचा धंदा आहे, पण मालकाच्या बिलाचं ओझं त्या धंद्यात बसत नाही.