नॅस घेताय? आधी यूपीएसचं बजेट ठेवा

लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ घरच्या टीव्हीवर बघायला नॅस घ्यायचाय ना? माझं मत स्पष्ट आहे: महागड्या प्रोसेसरवर पैसे घालू नका. आधी तीच फाईल पेनड्राईव्हवर टाकून टीव्हीला लावून बघा. नीट चालली, तर नॅसचं काम फक्त फाईल पोचवायचं. २ डिस्कचा साधा डबा पुरतो.

वाचलेल्या पैशात यूपीएस घ्या. आपल्या परभणीत लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि कॉपी चालू असताना गेली तर डेटा खराब होऊ शकतो.

आणि रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून डिलीट केलेली फाईल दोन्ही डिस्कवरून जाते. म्हणून एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर, भावाच्या घरी ठेवा. डबा परत विकत मिळतो, बारशाचा व्हिडिओ नाही.