सूत्र आधीं कीं कात्री आधीं?

रिद्धपुरांतील मुलांच्या कानीं ‘महानुभाव’ हा शब्द जन्मापासून पडतो. त्यांत ‘महा’ व ‘अनुभाव’ दडले आहेत हें थोड्यांसच ठाऊक असतें. ‘आ + अ = आ’ हें सूत्र आम्हींही वर्षानुवर्षें घोकवून घेतलें; परीक्षेपलीकडे तें टिकलें नाहीं. मग जाड कागदाच्या दोन पट्ट्या मुलांच्या हातीं दिल्या. त्या जुळवितांना एकानें ‘अनुभाव’मधला ‘अ’ कापला व विचारलें, “गुरुजी, हा गेला कोठें?” सूत्र सांगावें तें या प्रश्नानंतरच, असें आमचें मत आहे. कांहीं पालक यास पोरखेळ म्हणतात; म्हणोत बापडे! गांवाच्या ‘परमेश्वरपूर’ या दुसऱ्या नांवांतील ‘परम’ व ‘ईश्वर’ जुळवितांना मात्र कात्री पुरत नाहीं. ‘अ’ आणि ‘ई’ दोन्ही जाऊन ‘ए’ची मात्रा नव्यानें काढावी लागते. त्या दिवशीं पेन्सिलही द्यावी.