बॉनेटखालचे ज्ञान कुणाच्या ताब्यात?

गेल्या पावसाळ्यात पक्षकाराच्या कामासाठी अंबाजोगाईहून बीडला निघालो असता मांजरसुंब्याजवळ आमची गाडी बंद पडली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. रस्त्याकडेच्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, क्षणभर पाहिले आणि हात पुसत म्हणाला, "वकीलसाहेब, ही कॉम्प्युटरची गाडी. शोरूमलाच न्या." तीस वर्षे जीप आणि ट्रॅक्टरची इंजिने खोलणारा हा माणूस! गाडी टोचन करून नेली. तिथे लॅपटॉप जोडला गेला, सेन्सर बदलला गेला, साडेसात हजार घेतले गेले. आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर. शेवटी आमच्याच वस्तीतील वायरिंगचे काम करणाऱ्या एका पोराने मल्टिमीटर लावून दोष काढला. उंदराने वायर कुरतडली होती. सेन्सर बिचारा धडधाकट होता!

यात चमत्कार काहीच नाही. आजच्या गाडीत एक कंट्रोल युनिट असते. हवा किती आली, इंजिन किती तापले, क्रँकशाफ्ट कुठवर फिरला, हे सेन्सर त्याला विजेच्या संकेतांनी कळवतात आणि ते युनिट किती इंधन सोडायचे ते ठरवते. संकेत बिघडला की कोड नोंदवला जातो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की तो वाचता येतो. अमेरिकेत ही पद्धत १९९६ पासून सक्तीची आहे आणि त्यातले मूळ कोड सर्व कंपन्यांना समान आहेत. पी०३३५ म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. सर्किटमध्ये, सेन्सरमध्येच असे नव्हे! कोड फक्त गल्ली दाखवतो, घर मल्टिमीटरने शोधावे लागते. वायर तुटली का, प्लग गंजला का, सेन्सरला व्होल्टेज पोहोचते का, हे पाहायला इंजिनिअरची पदवी लागत नाही.

मग आमचा मिस्त्री मागे का हटला? कारण त्याला हे कुणी शिकवलेच नाही.

बीड जिल्हा म्हटले की ऊसतोड आठवते. कोयता घेऊन कारखान्याला जाणाऱ्या घरातला पोरगा गॅरेजवर टिकला तर त्याच्या हातचा कोयता सुटतो. या धंद्याला सातबारा लागत नाही, वशिला लागत नाही. गेवराई, माजलगाव, केज, परळी, कुठेही जा, आमची आणि मुस्लिम समाजाची पोरे पाने-पकडी घेऊन गाड्यांखाली झोपलेली दिसतील. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जाऊ लागल्या आणि इंजिनाचा कारभार आणखी संगणकाकडे गेला. जुन्या गाड्या भंगारात जातील तसे हे दार बंद होत जाणार.

साधे कोड वाचणारा स्कॅनर हजार-दोन हजारांत मिळतो. पण नवी चावी नोंदवणे, नवा इंजेक्टर जुळवणे यासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर लागते, आणि ते कंपनी आपल्या हाती ठेवते. ज्ञान ठरावीक लोकांनाच, इतरांनी ऐकायचेही नाही, हा न्याय आम्हाला नवा नाही!

कायदा मात्र इथे आमच्या बाजूने बोललेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे हा बाजारातील ताकदीचा गैरवापर आहे, असे आयोगाने म्हटले. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असेही बजावले. गॅरेजवाल्यांना प्रशिक्षण देण्याचे मात्र 'करावे' नव्हे, 'करता येईल' अशा भाषेत सांगितले. वकिलाला या दोन शब्दांतले अंतर ठाऊक असते. कंपन्या अपिलात आणि उच्च न्यायालयांत गेल्या. २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांचा दंड कमी केला, दोषाचा निष्कर्ष मात्र कायम ठेवला. हा निकाल आमच्या किती गॅरेजवाल्यांना माहीत आहे?

ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाईसरॉय लिनलिथगो यांना जे निवेदन दिले, त्यात कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा अस्पृश्यांना फारसा उपयोग नाही, विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे मांडून त्यासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहितो! आम्ही कायदा शिकलो, काळा कोट घातला आणि पोरांना डी.एड., पोलीस भरतीच्या रांगेत उभे केले. गॅरेजवाल्या पोराचे स्थळ आले की आजही आमच्या घरांतून नाके मुरडली जातात. जयंतीच्या डीजेला जमणारी वर्गणी पाहिली की एका तालुक्याचे स्कॅनर त्यात सहज येतील, हा हिशेब मनात आल्याशिवाय राहत नाही.

विहारात रविवारी दोन तास, एक जुने इंजिन, चार मल्टिमीटर, एक स्कॅनर आणि मराठीत समजावणारा एक जाणकार, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. वायरिंगच्या त्या पोराने होकार दिला आहे. बार्टीने जिल्ह्यासाठी असा अभ्यासक्रम मंजूर करावा, अशी मागणी आम्ही करणार आहोत. जिल्ह्यातील आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला किती स्कॅनर आहेत, बीएस-६ इंजिन आहे का आणि मागच्या वर्षी ते किती विद्यार्थ्यांनी हाताळले, याची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागणारा अर्ज तयार आहे. सोमवारी तो दाखल होईल.