आरसा मान खाजवत नाही

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांच्या हट्टापायी घरोघरी एकेक जाळीचा पिंजरा येतो. आतल्या हिरव्या-पिवळ्या किंवा निळ्या पाखरांना दुकानदार ‘लव्हबर्ड’ म्हणतो, म्हणून आपणही तेच म्हणतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. आपल्याकडे या नावाने खपणारे बहुतेक पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले आणि पुढे ते जगभरच्या पिंजऱ्यांत पसरले. (आपल्या रानातला राघू मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी ठेवता येत नाही, हे अजूनही अनेकांच्या गावी नसते.) नावातली चूक एक वेळ चालेल, पण त्या नावाने आपली नजरही बिघडते. दोघे चिकटून बसले की ‘प्रेम’ आणि चोच लागली की ‘भांडण’, एवढ्यावर आपण मोकळे होतो.

दुपारच्या वेळी पिंजऱ्यातल्या दांडीकडे जरा निवांत पाहावे. दोघांतला एक मान खाली घालतो, मानेवरची पिसे फुलवतो आणि डोळे अर्धवट मिटून घेतो. शेजारचा चोचीच्या टोकाने एकेक पीस धरून मुळापासून वर कुरतडत नेतो. ओसरीवर बसून एकमेकींच्या उवा काढाव्यात, तसे हे दृश्य दिसते. प्रत्यक्षात तिथे उवा बहुधा नसतातच. जुनी पिसे झडून नवी येतात तेव्हा प्रत्येक कोवळे पीस एका बारीक, कडक नळीत गुंडाळलेले असते. आपली नखे आणि केस ज्या द्रव्याचे, त्याचीच ही नळी. ती फोडून सोलली की पीस उलगडते. छाती, पंख, शेपटी इथली सोलणी पक्षी स्वतःच करतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचे तेलही चोचीने अंगभर फिरवतो. पण स्वतःची चोच स्वतःच्या डोक्याला आणि मानेला कशी पोचणार? पायाने खाजवता येते, दांडीवर डोके घासता येते, एवढेच. म्हणून एकट्या बजरीगरचे डोके पिसे बदलताना बाभळीच्या फांदीसारखे काटेरी दिसत राहते.

या सोलणीत मधूनच एक चिरका आवाज येतो. नळीत अजून रक्त असलेले कच्चे पीस चोचीत सापडले की दुखते. सोलणारा मागे सरतो आणि मिनिटभरात तीच मान पुन्हा त्याच्यापुढे वाकते. याला भांडण म्हणू नये. खरे भांडण ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत: पायाची बोटे चावणे, राळ्याच्या वाटीपासून हुसकणे, एकाने सतत जाळीला लटकून राहणे. मानेवर टक्कल पडले असेल, तर बहुधा जोडीदार पिसे साफ करत नसून उपटतो आहे. बजरीगरमध्ये मादी नरापेक्षा बरीच आक्रमक असते. ‘बिचाऱ्यांना घर हवे’ म्हणून आपण हौसेने मडके टांगतो, तेव्हा तर ती ते आपले मानून दुसरीच्या अंगावर धावून जाते. दोन माद्या असलेल्या पिंजऱ्यात मडके टांगणे म्हणजे कलहाला बोलावणे धाडणे.

भरवण्याबद्दलही असाच घोटाळा होतो. नर मान वरखाली हलवतो, गिळलेले दाणे वर आणतो आणि मादीच्या चोचीत देतो. नवखा पालक ‘उलटी’ म्हणून घाबरतो. खऱ्या उलटीत दाणे झटकून इकडेतिकडे उडतात, तोंडावरची पिसे चिकट होतात आणि पक्षी मरगळतो. भरवणे ही पुढची तालीम आहे. अंडी उबवायला मादी एकटी सुमारे अठरा दिवस मडक्यात बसते आणि तेव्हा तिला खाऊ घालणे नराकडे असते. जोडी जमताना नर हळूहळू तिच्या हाकेची नक्कल करू लागतो आणि दोघांची हाक जवळपास एकसारखी होते, असेही संशोधकांना आढळले आहे. दोन नरांचीही गट्टी छान जमते. ज्यांना पिल्ले नको आहेत, त्यांनी ते लक्षात ठेवावे.

एकट्या पक्ष्याला आरसा देण्याची पद्धत मात्र आम्हाला पटत नाही. तो आरशाला भरवतो, काच दाण्यांनी बरबटते. तो मान वाकवतो तेव्हा समोरचाही मान वाकवतो. दोघेही मागणारे, खाजवणारा कोणीच नाही.

म्हणून उद्याच दुसरा आणून त्याच पिंजऱ्यात सोडावा, असेही नाही. नवा पक्षी रोग घेऊन येऊ शकतो. महिनाभर तो वेगळ्या खोलीत ठेवावा. मग दोन्ही पिंजरे शेजारी मांडावेत, खाण्याच्या वाट्या दोन ठेवाव्यात आणि वाट पाहावी. दोघे आपापल्या पिंजऱ्यात, पण एकमेकांच्या बाजूच्या टोकाला येऊन डुलक्या घेऊ लागले की त्यांना एकत्र करायला हरकत नाही. तोवर माणसाळलेल्या पाखराने मान पुढे केलीच, तर पिकलेली नळी बोटाच्या टोकाने हलकेच चुरडावी. पाठीवरून हात फिरवू नये. त्या स्पर्शाचा अर्थ पक्षी मीलनाचे आमंत्रण असा घेतो.